हातात देऊ नका, टाका

तो आमच्याकडे राहत होता तोवर घरात एकही कप फुटला नाही. निसटले पुष्कळ. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. आमच्या प्रेसचं दार उघडलं की काही ना काही खाली यायचंच. पण ते जमिनीपर्यंत पोहोचायचं नाही. कुठूनतरी एक लांबलचक हात यायचा, कप हवेतच थांबायचा आणि लगेच कोपराच्या बेचक्यात, छातीशी घट्ट दाबला जायचा. मग तो कप तसाच कवटाळून तो फ्रिजपर्यंत पळत जायचा. कप वाचवल्यावर पळायचं काय कारण, असं मी एकदा विचारलं.

"झेलून थांबायचं नसतं, ताई. झेलून पळायचं असतं."

कुठलीही वस्तू त्याला हातात दिलेली चालत नसे. मीठ मागितलं म्हणून मी बरणी पुढे केली की हा हात मागे घ्यायचा. "हातात देऊ नका, टाका." लिंबू, किल्ल्या, मोज्यांची जोडी, एकदा तर गरम पोळ्यांचा डबा. दुकानातून फ्लॉवरचा गड्डा आणायचा तोही पिशवीत न ठेवता कुशीत धरून, जणू वाटेत कुणी हिसकावून घेणार आहे. आणि क्वचित काही सुटलंच हातून, तर वाकून ते उचलायचा आणि त्या वस्तूलाच "सॉरी" म्हणायचा. मी हे कान देऊन ऐकलं आहे. बटाट्याला सॉरी म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मूळचा मिरजेचा. मेनूथ या आयरिश गावातल्या कॉलेजात पीएच.डी. करत होता. मी तिथून जवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करते, एकटी राहते, आणि मागची लहान खोली रिकामीच होती. दोन हजार वीसच्या सुरुवातीला तो ती बघायला आला. दारात वाकून आत आला इतका उंच, आणि अंगावर मांस असं नाहीच. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा वाऱ्याने हलेल असा. खोली न बघताच त्याने विचारलं, "मागं अंगण आहे का?" आहे म्हटल्यावर, "मग घेतो की."

त्याचा अभ्यास बॉगवर होता. बॉग म्हणजे इथली काळी, ओली, पायाखाली दबदबणारी जमीन. तिच्यातून कुठला वायू किती निघतो हे तो मोजायचा. पण त्याचं खरं काम वेगळं होतं असं त्याचं स्वतःचं मत होतं. तो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये वाइड रिसीव्हर होता.

हा खेळ मला त्याच्यामुळे कळला. लांबट, दोन्हीकडे टोकदार चेंडू. एकजण तो मागून फेकतो. रिसीव्हरने आधी ठरलेल्या वाटेने सुसाट पळायचं, ऐनवेळी वळायचं, आणि वळताक्षणी अंगावर येणारा चेंडू झेलायचा. तेवढ्यात समोरच्या टीममधला कुणीतरी दांडगा त्याला आडवा करायला आलेलाच असतो. त्या वाटांना नावं असतात, आणि प्रत्येक वाट पावलागणिक पाठ करावी लागते. हा त्या सुपरमार्केटमध्ये पाठ करायचा. बिस्किटांच्या फळ्यांपासून सरळ निघायचा, डाळींपाशी आला की खांदा एका बाजूला टाकून दुसऱ्याच बाजूला वळायचा. ट्रॉली घेऊन मागून येणाऱ्या बायका दचकायच्या.

शाळेत असताना तो कुठलाच खेळ खेळला नव्हता. पीटीच्या तासाला सगळ्यांचे घड्याळ-चष्मे सांभाळत झाडाखाली बसायचा. इथे आल्यावर कॉलेजच्या आवारात क्लबांचे स्टॉल लागले होते, हा समोसा खात चालला होता, आणि एका स्टॉलवरून कुणीतरी "हे, बिग मॅन!" म्हणून चेंडू फेकला. याने तो एका हाताने झेलला. दुसऱ्या हातात समोसा होता.

"त्यांना माणसं कमी पडत होती, ताई, मला माहीत आहे," तो सांगायचा. "पण मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ये म्हणालं. मग जायला नको?"

त्याचे वडील मिरजेला रेल्वेतून निवृत्त झालेले. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "गोल किती झाले?" या खेळात गोल नसतात हे त्याने त्यांना कधीच सांगितलं नाही. "आज नाही झाला, बाबा," एवढंच म्हणायचा. नीट समजावून का सांगत नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाला, "पोरगा पळतो आणि मधेमधे पडतो, एवढं त्यांना कळलंय. बास की."

फेब्रुवारीत माझी आई यवतमाळहून तीन महिन्यांसाठी आली. घरात परका तरुण मुलगा बघून पहिले काही दिवस तिचं तोंड फुगलेलं होतं. त्यातून हा जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीवर टाच न टेकवता उतरायचा, कोपऱ्यात आला की काटकोनात वळायचा.

"काहून व, असा काहून चालते हा पोट्टा?" ती मला विचारायची. "डोक्यानं बरा आहे ना?"

त्याच महिन्यात त्याची पहिली खरी मॅच होती. मी आईला घेऊन गेले. वारा असा की उभं राहवत नव्हतं. हा बराच वेळ कडेलाच उभा होता. शेवटी कोचने त्याला आत पाठवलं. कोच म्हणजे मेनूथमधलाच एक प्लंबर, अंगाने आडवा आणि बोलायला अगदी हळू. याने वाट सुरेख काढली. मलासुद्धा कळलं, कारण त्याच्या मागे लागलेला मुलगा भलतीकडे पळत गेला आणि हा मैदानात एकटा, मोकळा उरला. चेंडू अगदी त्याच्या हातात आला. आणि खाली पडला.

परतताना गाडीत तो म्हणाला, "मला पावलं ऐकू आली."

"कुणाची?"

"तेच तर. मागं कुणीच नव्हतं."

कोचने त्याला त्याची चूक सांगितली होती. चेंडू जवळ येतो तेव्हा याचे डोळे मिटतात. आता कुणीतरी अंगावर येणार या भीतीने क्षणभर मिटतात, आणि तेवढ्यात चेंडू निसटतो. त्यावर इलाज एकच, कुणीतरी रोज समोर उभं राहून फेकत राहायचं आणि याने डोळे उघडे ठेवायचे. टीममधली मुलं आळीपाळीने फेकणार होती. तेवढ्यात कॉलेज बंद झालं, टीम बंद झाली, आणि घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे कुणी जायचं नाही असा नियम आला. आईचं परतीचं विमानही रद्द झालं.

त्या दिवसांतलं आमचं घर आठवलं की मला सगळ्यात आधी आईची खिडकी आठवते. ती तासन्‌तास तिथे बसायची. टीव्हीवरचं तिला कळत नव्हतं, शेजाऱ्यांशी बोलता येत नव्हतं, मी दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे. खिडकीतून अंगण दिसायचं आणि अंगणात हा भिंतीवर चेंडू आपटून स्वतःच झेलत असायचा. लांबट चेंडू भिंतीवरून कुठेही उडतो. हा त्याच्यामागे झुडपात शिरायचा.

एके दिवशी मी खाली आले तर आई अंगणात होती. साडीवर माझं जाड जॅकेट, पायात माझेच बूट, आणि हातात चेंडू.

"किती वेळ त्या भितीशी खेळन तो?" ती म्हणाली. "मले पाहावलं नाही."

तिची फेकायची रीत कुठल्याच खेळात बसणारी नव्हती. दोन्ही हातांनी, कमरेपासून, धुण्याचा पिळा बादलीत टाकावा तशी. चेंडू हवेत गिरक्या घेत, कधी याच्या डोक्यावरून, कधी गुडघ्यापाशी. पण ती फेकायच्या आधी त्याच्याकडे बघायची आणि फेकल्यावर ओरडायची, "डोये उघडे! डोये उघडे ठेव गा!"

"काकू, उघडेच होते की!"

"मले सांगतं काय? मी पाहून राह्यली ना."

पुढे ती दोघं समोरच्या सामाईक हिरवळीवर जाऊ लागली. रोज दुपारचा चहा झाला की आई जॅकेट चढवायची. घराघरांतून माणसं खिडक्यांत यायची. दुसरं बघण्यासारखं होतंच काय? एकदा पोलिसांची गाडी थांबली. गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, काच खाली करून विचारलं, दोघं एकाच घरातले का. तो म्हणाला, "हो." गार्डाने थोडा वेळ आईचं फेकणं पाहिलं.

"इज शी एनी गुड?" त्याने विचारलं.

"शी'ज टेरिबल," हा म्हणाला. "बट शी'ज ऑल आय हॅव."

गार्ड हसत निघून गेला. आईने विचारलं, काय म्हणे तो? "तुम्ही छान फेकता म्हणाला, काकू." आई त्यानंतर किती दिवस त्या गार्डाची चौकशी करायची.

नियम थोडे सैल झाल्यावर तो बॉगवर जाऊ लागला. मी एकदा त्याला सोडायला गेले तेव्हा त्याला तिथे चालताना पाहिलं. ती जमीन वरून साधी दिसते, पाय चुकला की गुडघ्यापर्यंत आत. हा तिच्यावरून खाली न बघता हलक्या पावलांनी जात होता. कोचने शिकवलेलं तो बॉगवर वापरतो की बॉगने शिकवलेलं मैदानात, हे मी विचारलं. "ते मलापण कळत नाही," तो म्हणाला. "पाय टेकवतो, पण वजन टाकत नाही. विश्वास बसला की मग टाकतो."

माणसांशीही तो तसाच होता. आईशी तो मोकळा बोलायला लागेपर्यंत पानगळ आली होती. पण बोलायला लागल्यावर मात्र दोघं मिळून मला हसायची. आई त्याच्यासाठी झुणका करायची आणि तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायची, "पाह्य, आता डोये उघडे आहेत." तीन महिन्यांसाठी आलेली आई वर्ष संपलं तरी इथेच होती. जायची विमानं मधूनमधून मिळत होती, पण मीच तिला सोडत नव्हते. आणि खरं सांगायचं तर तीही फारसं विचारत नव्हती.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून फोन आला. सकाळची वेळ होती, मी कामाला बसायच्या तयारीत होते. वडिलांना ताप होता हे आम्हाला माहीत होतं. आदल्या दिवशी त्याच्या भावाने सांगितलं होतं की बेड मिळाला, आता काळजी नाही. जिन्यावर त्याची पावलं वाजली, पूर्ण, टाचांसकट. तो खाली आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा गेले, ताई."

जायचा प्रश्नच नव्हता. तो पोहोचेपर्यंत तिथे काहीच उरलं नसतं. भावालासुद्धा लांबून बघावं लागलं. भावाने फोन धरला होता, चित्र हलत होतं, प्लॅस्टिकचे झगे घातलेली माणसं इकडेतिकडे जात होती. हा टेबलाशी बसून बघत होता. डोळे मिटले नाहीत त्याने. एकदाही नाही. आई त्याच्या मागे उभी राहून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग चित्र गोठलं आणि बंद पडलं.

त्याला मुंडण करायचं होतं. धाकटा होता, त्याने केलंच पाहिजे असं नव्हतं, पण त्याला काहीतरी करायचं होतं. न्हाव्यांची दुकानं महिनोन्‌महिने बंद होती. माझ्याकडे केस कापायचं मशीन होतं, पण मला धीर होईना. आईने ते माझ्या हातातून घेतलं.

"आण इकडं. इथं न्हावी कोठून आणतं तू?"

अंगणात खुर्ची टाकली. आईने पदर खोचला आणि त्याच्या मानेवर टॉवेल ठेवला. तो इतका उंच की खुर्चीत बसूनही त्याचं डोकं तिच्या खांद्याला येत होतं. मशीन घरघरत होतं, काळे केस ओल्या गवतावर पडत होते. शेवटी आईने टॉवेल झटकला, त्याच्या गुळगुळीत डोक्यावर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तेव्हा तो रडला. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोचचा फोन आला. तो विचारत होता, फ्युनरल कधी आहे.

"झालं," याने सांगितलं. "फोनवर झालं."

कोचने आमच्या घराचा पत्ता नीट विचारून घेतला.

त्या काळात इथे अंत्ययात्रेला मोजकीच माणसं जाऊ शकत. म्हणून लोकांनी एक रीत काढली होती. गाडी ज्या रस्त्याने जायची त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून लांब, सगळा गाव येऊन उभा राहायचा. गाडी जाईपर्यंत गप्प उभं राहायचं आणि मग घरी जायचं. हे मला माहीत होतं. तरी संध्याकाळी मी पडदा बाजूला केला तेव्हा समोर काय आहे हे मला लगेच कळलं नाही.

आमच्या कॉलनीच्या फुटपाथवर, हिरवळीच्या कडेने, थेट वळणापर्यंत मुलं उभी होती. दांडगी, बारकी, लाल केसांची, सगळ्यांनी टीमची जर्सी घातलेली, तोंडावर मास्क, हात समोर बांधलेले. कुणी फोन बघत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. जायला कुठली गाडी नव्हती. मिरजेतल्या एका माणसासाठी, ज्याचं नावसुद्धा त्यांना उच्चारता आलं नसतं, ती मुलं मेनूथच्या रस्त्यावर उभी होती.

मी त्याला हाक मारली. तो दारात आला आणि तिथेच थांबला. आई मागून म्हणाली, "जाय, बाप्पा. तुह्यासाठी आले ते."

तो पायरी उतरला. फाटकाशी कोच होता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." कुणाच्या घरी दुःख झालं की इथे हेच म्हणतात, तेवढंच, त्याला पुढे-मागे काही जोडत नाहीत. मग हा त्या रांगेपुढून चालत गेला, आणि प्रत्येकजण आपल्या जागेवरून तेच म्हणाला. कुणी हात पुढे केला नाही, करता येत नव्हता. चेंडू फेकणारा त्यांचा खेळाडू, विशीतला पोरगा, त्याने मात्र नुसती मान खाली घातली. हा त्याच्यापुढे जरा जास्त वेळ उभा राहिला. वळणापर्यंत गेला, परत आला. सगळी घरं दारात येऊन उभी होती. आई आपल्या पायरीवरून प्रत्येकाला हात जोडत होती.

त्यानंतर तो प्रॅक्टिसला गेला नाही असं नाही. मैदानं उघडली तसा गेला. डोक्यावर केस नव्हते म्हणून हेल्मेट सैल झालं, कोचने त्यात आणखी एक गादी बसवून दिली. घरात मात्र तो पुन्हा हळू झाला होता. रविवारी सकाळी फोन घेऊन आईशी बोलायचा, मिरजेला, आणि बोलणं संपल्यावरही फोन हातात धरून बसायचा. झोप लागत नाही म्हणाला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. थिसिस लिहून होत आला होता. तो दिला की मिरजेला जायचं, आईजवळ काही महिने राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. माझ्या आईचंही तिकीट निघालं होतं.

उन्हाळा सरता सरता क्लोनडॉकिनच्या एका टीमने मॅच ठेवली. साधीच, मैत्रीची, इतके दिवस कुणी खेळलंच नव्हतं. जायच्या आधीची ही त्याची शेवटची मॅच. मी आणि आई घडीच्या खुर्च्या घेऊन गेलो.

जवळजवळ पूर्ण मॅच त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. तो पळत होता, वळत होता, आपल्यामागे दोघादोघांना ओढून नेत होता, आणि चेंडू दुसरीकडे जात होता. प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत यायचा आणि पुन्हा जागेवर उभा राहायचा. आईला ते सहन होईना. "त्याच्याकडं टाका ना!" ती मराठीतून ओरडत होती. "मोकया आहे तो!" आसपासचे लोक वळून हसून बघत होते. मी तिला सांगितलं की तेही कामच असतं, दुसऱ्याला वाट मोकळी करून द्यायची. ती म्हणाली, "हाव, पण एखांदा तं टाका."

आमची टीम हरणार हे ठरून गेलं होतं, तेव्हा त्याच्याकडे चेंडू आला. फार लांबचा नव्हता. हा गर्दीत, मधोमध पळत आला होता, तिथे कुणी मोकळं नसतं. चेंडू थोडा मागे, थोडा उंच. त्याने अंग मागे फिरवलं, हात वर गेले. त्याच्यामागे पावलं होती, या वेळी खरीच. त्यांचा एक आडदांड गडी वेगाने येत होता. त्या गड्याचा खांदा याच्या बरगड्यांत बसल्याचा आवाज आम्हाला कडेला ऐकू आला. दोघं खाली गेले, त्यांच्यावर आणखी दोघं.

आई उभी राहिली. मीही.

एकेकजण उठला. तो सगळ्यात खाली, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. रेफरी वाकला. मग त्याने हात पुढे केला, चेंडू मागितला. हा देईना. छातीशी कवटाळून तसाच पडून राहिला. रेफरीने पुन्हा हात पुढे केला. शेवटी ज्याने आपटलं होतं तोच गडी परत आला, त्याला हाताला धरून उभं केलं आणि त्याच्या हेल्मेटवर दोन थापा मारल्या. तेव्हा याने चेंडू दिला.

त्याच्या सगळ्या कारकिर्दीत मॅचमध्ये झेललेला तो एकच चेंडू. त्याने पॉइंट मिळाला नाही, मॅच आम्ही हरलोच. पण त्याच्या टीमची मुलं अशी नाचत होती की बघणाऱ्याला वेगळंच वाटलं असतं. चेंडू फेकणारा तो पोरगा त्याच्या गळ्यात पडून रडत होता. कोच दूर उभा राहून टोपीने तोंड झाकून घेत होता.

तो आमच्याकडे आला तो चिखलाने माखलेला, एक हात बरगडीवर. ओठ फुटला होता.

"कुठं लागलं गा?" आईने विचारलं.

"ग्रँड, काकू," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'मी ठीक आहे'. हसायला गेला आणि कळवळला. आईने पदराने त्याचा ओठ टिपला. बराच वेळ टिपत राहिली.

मग मैदानाबाहेरच्या गाडीवर सगळ्यांनी बटाट्याच्या जाड कापांचे गरम चिप्स खाल्ले. त्याने स्वतःचे संपवून माझे घेतले, माझे संपवून आईचे. असं खाताना मी त्याला एप्रिलनंतर पाहिलं नव्हतं.

निघालो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. आई मागे त्याच्याशेजारी बसली, त्याच्या बरगडीला धक्का लागू नये म्हणून उशीसारखं आपलं जॅकेट मधे घातलं. मोटरवेला लागेपर्यंत तो बोलत होता. ती वाट कशी होती, पाय कुठे टाकला, चेंडू कसा मागे आला. मग मधेच आवाज थांबला. मी आरशात पाहिलं. तोंड किंचित उघडं, चिखल वाळलेला, डोकं आईच्या खांद्यावर. आई अवघडून, न हलता बसली होती. त्याचं वजन तिला पेलत नसणार, पण तिने खांदा काढला नाही.

आरशातून तिने माझ्याकडे बघितलं.

"हळू चालव व," ती कुजबुजली. "झोपला तो."

मी गाडी डाव्या लेनमध्ये घेतली. मेनूथचा फाटा आला. मी तो सोडला आणि सरळ पुढच्या गावाच्या, किलकॉकच्या दिशेने जात राहिले.